तिघांची सुट्टी

भट्टी बंद पडली नसती तर मला हे कधी कळलंच नसतं. ब्रेडच्या कारखान्यात भट्टी बंद पडली की घरात कोणी गेल्यासारखं होतं. सगळे हळू आवाजात बोलतात आणि कुठे उभं राहावं ते कोणाला कळत नाही. मेकॅनिकने हात वर केले, मुकादमाने फोन करून रात्रपाळीला सुट्टी देऊन टाकली, आणि मी घरातल्या घरात शीळ घालत फिरलो. संध्याकाळी बायको कामावरून आली तेव्हा मी टेबलाशी बसून ऐसपैस चहा पीत होतो. एरवी ती दारात पाऊल ठेवते तेव्हा मी बुटात पाय घालत असतो. आमची भिंगरी (नाव दुसरं आहे, पण रांगायला लागल्यापासून एका जागी ठरत नाही म्हणून हेच पडलं) धावत जाऊन आईच्या पायांना बिलगली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. मग मांडणीकडे गेली आणि माझा एक बूट दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली. मग दुसरा. दोन्ही माझ्या पायांशी ठेवले, उजव्या जागी डावा आणि डाव्या जागी उजवा, आणि म्हणाली, "जा बाबा. आई आली."

मी हसलो, बायकोही हसली. मी म्हटलं की आज बाबाला सुट्टी आहे, आज बाबा घरीच, आज आपण तिघं जेवू. मोठी माणसं काहीतरी गंमत करताहेत एवढं तिला कळलं, आणि तीही उगाच थोडं हसली, आणि बूट आणखी पुढे सरकवला. मी तरीही उठत नाही म्हटल्यावर तिचा ओठ थरथरायला लागला. हट्टाचं रडणं मी ओळखतो, त्यात पाय आपटणं असतं, एक डोळा आपल्याकडे असतो. हे रडणं वेगळं होतं. ही घाबरली होती. घरात काहीतरी चुकतंय आणि ते फक्त तिला दिसतंय असं रडणं. शेवटी बायको हळूच म्हणाली, जा ना थोडा वेळ, झोपली की ये. मी बूट चढवले, नाड्या बांधल्या, भिंगरीने आणून दिलेली पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडलो. दार लावताना पाहिलं तर तिचं रडणं थांबलं होतं आणि ती आईला ओढत खिडकीशी नेत होती, मला टाटा करायला. म्हणून मला रस्त्यापर्यंत जावं लागलं. हात हलवून परत आलो आणि जिन्यात बसलो. वरच्या मजल्यावरचे शिक्षक भाजी घेऊन चढत होते, ते म्हणाले, काय, आज दांडी? मी हो म्हटलं. स्वतःच्या घराच्या दोन मजले खाली, डबा नसलेली पिशवी मांडीवर घेऊन, मी पोरगी झोपण्याची वाट बघत होतो. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही केलं नाही.

खरं तर आम्हाला आमच्या संसाराचा केवढा अभिमान होता. भिंगरी काही महिन्यांची असताना आम्ही एक पाळणाघर बघायला गेलो होतो. स्वच्छ होतं, बाई प्रेमळ होती, पण भिंतीशी रांगेत बसलेली मुलं दार उघडल्याबरोबर एकदम आमच्याकडे बघायला लागली, आणि आम्ही त्यांचे कोणी नाही हे कळल्यावर एकदम बघायची थांबली. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, मरू दे, आपलं पोर आपणच वाढवू. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर सुया टोचते, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. तिला रात्रपाळी नाही. मग मी रात्रपाळी मागून घेतली. मी घरी पोचायचो तेव्हा ती निघायच्या तयारीत असायची, ती घरी पोचायची तेव्हा मी. मधला सगळा संसार उंबरठ्यावर. दूध प्यायली, नाक वाहतंय, गुडघा खरचटलाय पण विशेष नाही, गॅस संपत आलाय. आणि शेवटचं वाक्य नेहमी तेच: "मी आहे." म्हणजे तू निर्धास्त जा. सासूबाई सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटल्या होत्या की आमच्या जावयाने लेकीसाठी रात्रीची झोप सोडली, परक्याच्या हातात पोर दिलं नाही. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं. मुलीजवळ कायम आपलं कोणीतरी आहे, एक क्षणही ती एकटी नाही. ही आमची कमाई. आपल्या पोराने आईबापांना कधी शेजारी शेजारी उभं पाहिलेलं नाही, हे मात्र आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा नाही, कारण बायकोच्या सुट्टीला मी दिवसभर मेल्यासारखा झोपायचो आणि माझ्या सुट्टीच्या रात्री मी जादा पाळी करायचो.

जिन्यातल्या त्या संध्याकाळनंतरच्या आठवड्यात एकदा बायको धुतलेले कपडे घडी करत होती. मी निघायच्या बेतात होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपण वेगळे राहिलो ना, तर हिला कळणारसुद्धा नाही." मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, छान, मग भाडं दोन ठिकाणी भर. ती म्हणाली, "हसू नकोस. मी खरंच विचार करतेय." आवाज अगदी साधा होता. त्यात राग असता तर मी भांडलो असतो, रडणं असतं तर जवळ गेलो असतो. पण रिपोर्ट हातात देताना ती जशी बोलते तशी ती बोलत होती. तिच्या भावाच्या गावात नवी प्रयोगशाळा निघाली होती, तिथे तिला बोलावत होते, भावाच्या घरी वरची खोली रिकामी होती. ती म्हणाली, अर्धे दिवस पोरगी तुझ्याकडे, अर्धे माझ्याकडे, आत्ताही तेच चाललंय, फक्त मधला जिना लांब होईल. आणि आपण दोघं? असं मी विचारायला हवं होतं. पण खाली कारखान्याची गाडी भोंगा वाजवत होती. मी "बोलू" एवढंच म्हणालो. दाराशी ती सवयीने म्हणाली, "मी आहे," आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दांमागचं "तू जा" ऐकू आलं. त्या रात्री भट्टीतून ट्रे काढताना हाताला चटका बसला आणि मला तो बराच वेळ जाणवला नाही.

समुद्रावर जायची कल्पना बायकोची. तिने मुकादमाला स्वतः फोन केला, स्वतःची रजा टाकली, आणि मला सांगितलं, चार दिवस तिघं एकत्र राहून बघू, मग काय ते ठरवू. परीक्षेची तारीख लागल्यासारखा मी हबकलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागावं असं मला वाटत होतं आणि ते कोणाकडे मागायचं ते कळत नव्हतं. बायकोकडे मागून उपयोग नव्हता, तिने पुरावा मागितला होता. पुरावा द्यायचा तो भिंगरीने. दोन्ही बाजूंना दोघं असले की हे पोर फुलतं, त्यातला एक गेला की कोमेजतं, एवढं फक्त तिने दाखवायचं होतं. साडेचार वर्षांच्या पोरीवर मी माझा सगळा संसार टाकला होता. बसमध्ये तीन जणांचा बाक मी भांडून मिळवला. तिला मध्ये बसवलं. तिने दोन्हीकडे पाहिलं, आईच्या मांडीवर चढली आणि झोपली. जाग आली तेव्हा समुद्राचा वारा यायला लागला होता. तिने डोळे चोळून माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि मला विचारलं, "आई कधी जाणार?" पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून कौतुकाने पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

लॉजवर खोली एक, पलंग एक. आपल्याच बायकोशेजारी झोपताना मी कानकोंडा झालो. पलंगाची कुठली बाजू कोणाची हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. घरचा पलंग रात्री तिचा असतो आणि दिवसा माझा, आणि दोघंही मधोमध झोपतो. दिवा मालवल्यावर माझे डोळे टक्क उघडे. माझं शरीर म्हणत होतं की आता पीठ फुगलं असेल, आता ट्रे आत जायला हवेत. अंधारात तिचा श्वास ऐकत पडलो. ती जागी आहे का, आणि असली तर कशासाठी, हे विचारायला मला चार शब्द सापडेनात. लग्नाआधी आम्ही कारखान्याच्या मागच्या दाराशी तासन्‌तास बोलत उभे असायचो, ती माझ्या अंगाचा भाजल्या पावाचा वास घेऊन भूक लागली म्हणायची. काय बोलायचो? एकही वाक्य आठवलं नाही. आठवलं ते फक्त हे की निरोप घेताना दोघंही पुन्हा पुन्हा मागे वळायचो. सकाळी मी वाळूवर बसल्या बसल्या पेंगायला लागलो आणि ती म्हणाली, "झोप तू. मी आहे." मी दचकून उठून बसलो. नको, मला झोप आलेली नाही, असं इतक्या जोरात म्हणालो की भिंगरीने खेळणं थांबवून वर पाहिलं.

मी जिवाचा आटापिटा केला, हे मला सांगितलं पाहिजे. किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुद्दाम तिघांची कामं वाटली. मी खणणार, आई थापणार, भिंगरी शिंपले लावणार. ती थोडा वेळ खपली. मग आईच्या हातातून वाळू काढून घेऊन म्हणाली, आता आईचं झालं, आता आईने जायचं. आई जरा लांब जाऊन बसली, तेव्हा ती मनापासून रमली. माझ्याशी पोपटासारखी बोलली, गाणी म्हणाली, माझ्या टकलावर ओली वाळू थापली. इतकी गोड वागत होती की लांब बसलेल्या बायकोकडे बघायचं मी टाळलं. दुपारनंतर स्वतःच उठली, माझा हात झटकला आणि आईचा हात धरला. मला टाटा केला. पाण्यात जाताना आम्ही तिला दोन्ही हातांना धरून लाटेवरून उचलायचं ठरवलं. सगळे आईबाप करतात, आजूबाजूला दहा पोरं अशी हवेत लटकत खिदळत होती. आमची मात्र रस्ता ओलांडताना धरावी तशी ताठ झाली. माझ्याकडे बघे, आईकडे बघे, आणि लाट आली की कुठला हात सोडायचा ते तिला ठरवता येईना. शेवटी तिने माझा सोडला. दुसऱ्या दिवशी आईचा. ती दोघांनाही सारखं वागवते. त्यात तिची चूक काढायला जागा नाही. लॉजची मालकीण तर तिच्यावर फिदा होती. म्हणाली, एवढं समंजस पोर मी पाहिलं नाही, आईकडे असली की आईची, बाबांकडे असली की बाबांची, कोणाला म्हणून त्रास नाही. बायको माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याने मला तोंडात मारल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी फोटोवाला भेटला. गळ्यात कॅमेरा, कमरेला छोटंसं छपाईचं यंत्र, जागच्या जागी फोटो काढून हातात देणारा. मीच त्याला हाक मारली. तिघांचा एक फोटो, समुद्र मागे दिसला पाहिजे. तो उत्साही होता. बाबा इकडे, आई इकडे, बाळ मध्ये. बाळ मध्ये उभं राहिलं आणि तो डोळा लावतोय तोवर आईकडे सरकून माझ्यापासून हातभर लांब गेलं. त्याने परत उभं केलं, गोष्ट सांगितली, माकडाचा आवाज काढला. ती हसली, पण हसता हसता माझ्याकडे आली आणि आईला हाताने बाजूला करायला लागली. आई बाजूला झाली, की ही कॅमेऱ्याकडे बघून अशी मोकळी हसली की फोटोवाल्याने पटकन फोटो काढून घेतला. मग आईबरोबर तसाच. तिसरा काढू म्हणाला, तिघांचा, पण तोवर तिचा ओठ थरथरायला लागला होता. बायको म्हणाली, राहू द्या, दोन आहेत ना, पुरे. तिने दोन्ही फोटो वाळूवर शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. दोन्ही फार सुंदर आले होते. "बघ," ती म्हणाली, "वेगवेगळे किती छान येतात." तिच्या डोळ्यात पाणी होतं का ते मला सांगता येणार नाही, ऊन समोरून होतं. मला ओरडावंसं वाटत होतं की हा न्याय नाही, तू तिच्याकडून माझा निकाल घेऊ नकोस, तिला आपणच हे शिकवलंय. पण मग मला वाटलं, आपण तरी दुसरं काय करतोय. आल्यापासून मी बायकोकडे एकदाही बायको म्हणून पाहिलं नव्हतं. मी फक्त पोरीचा चेहरा वाचत होतो. एकाच माणसाच्या रक्ताच्या थेंबावर दोन डॉक्टर झुकून बसावेत तसे आम्ही दोघं तिच्यावर झुकून बसलो होतो, आणि एकमेकांची डोकी आपटू नयेत एवढीच काळजी घेत होतो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळची बस होती. सामान बांधून आम्ही दुपारीच किनाऱ्यावर आलो. काय ते ठरवायची वेळ जवळ येत होती. बायको गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. भिंगरी आपल्याच नादात खड्डा खणत होती. मी शर्ट आणि घड्याळ काढून टॉवेलवर ठेवलं, म्हटलं, जरा पाण्यात जाऊन येतो. मला पोहता येत नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, अंगावर दोन ओंजळी घेतल्या, थंडी वाजली, आणि भाड्याने द्यायच्या होड्या जिथे उलट्या करून ठेवल्या होत्या तिथल्या नळावर पाय धुवायला गेलो. नळ बंद करून होड्यांच्या कडेने वळलो तर त्या दोघी समोरच, पण पाठमोऱ्या. मी थांबलो. लपायचं असं काही मनात नव्हतं, देवाशप्पथ नव्हतं. फक्त वाटलं, आता भिंगरी मान वर करेल आणि बाबा कुठे म्हणून विचारेल. एवढं ऐकलं की मग जाऊ. बायकोच्या समोर तिने एकदा विचारलं की झालं. मी ओल्या होडीला टेकून वाट बघायला लागलो. एका मोठ्या माणसाने आपल्या पोरीकडून एवढीशी भीक मागावी याची लाजही वाटत होती, पण ती लाज बाजूला सारण्याइतका मी कासावीस झालो होतो. विचार ग, एकदाच विचार. ती खणत राहिली. खड्ड्यात पाणी लागलं, तिला आनंद झाला, तिने आईला दाखवलं. बादली भरली, ओतली, भरली. एक कुत्रं येऊन हुंगून गेलं, त्याच्याशी ती बोलली. ती इतकी सुखात होती की त्या चित्रात मी कुठे असायला हवा होतो ते मलाही सापडेना.

मान वर केली ती बायकोने. आधी पाण्याकडे पाहिलं, मग नळाच्या दिशेने, पण मध्ये होड्या होत्या. मग ती भिंगरीला काहीतरी म्हणाली. वाऱ्यामुळे मला ऐकू आलं नाही. पोरीने मान न उचलता एक हात वर केला आणि रस्त्याच्या दिशेने हलवला, रोज खिडकीतून हलवते तसा. म्हणजे बाबा कामाला गेला. बायको उभी राहिली. टॉवेलवरचा माझा शर्ट तिने उचलला, खाली ठेवला, घड्याळ उचललं, आणि मग ती एकदम धावत सुटली. मला वाटलं होतं ती रस्त्याकडे बघेल. ती पाण्याकडे धावली. कपड्यांनिशी, पर्स खांद्याला तशीच, लाटेत घुसली आणि माझ्या नावाने हाका मारायला लागली. कित्येक वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती. उंबरठ्यावर समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाला नाव लागत नाही. तिचा आवाज फाटला होता. मी त्या क्षणी धावायला हवं होतं. मी धावलो नाही. का, ते सांगायला मला जड जातं, पण कोणीतरी मला शोधतंय, माझ्यासाठी कोणाच्या तरी काळजाचं पाणी झालंय, हे मला इतकं गोड लागत होतं की मी तिथेच उभा राहून तिला ते करू दिलं. अजून एक हाक. अजून एक. आणि मग माझं लक्ष वाळूवर गेलं. भिंगरी उभी होती. खड्डा सोडून, बादली हातात, एकटी. मी होड्यांमागे आणि आई कमरेइतक्या पाण्यात. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं की तिच्याजवळ कोणीच नव्हतं.

मी धावलो. भिंगरीच्या अगदी जवळून गेलो, थांबलो नाही, कारण बायको आणखी आत चालली होती. दंडाला धरून खेचलं तेव्हा तिने वळून पाहिलं आणि ती मला मारायला लागली, मुठींनी, छातीवर, तोंडावर, कुठे लागतंय ते न बघता. मी मारू दिलं. मग तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि अशी रडली की तिच्या अंगाचा थरकाप मला माझ्या हाडात जाणवला. मीही रडलो. लाट येऊन दोघांना ढकलत होती आणि आम्ही एकमेकांना धरून कसेबसे उभे होतो. तिच्या केसांना खारट वास येत होता आणि त्याखाली तो जुना, औषधाचा, प्रयोगशाळेचा. मी म्हणालो की मी नळावर होतो, इथेच होतो, कुठे गेलो नव्हतो. ती माझ्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "तिला नसेल कळत. मला कळेल रे. मला कळेल." मला वाटलं, झालं, वाचलो. पुरावा मी भलत्याच ठिकाणी शोधत होतो. आम्ही तसेच, एकमेकांच्या कमरेत हात घालून, ओलेचिंब बाहेर आलो. लोक बघत होते. बघू देत, म्हटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच दिशेने चालत होतो.

भिंगरी जिथे वाळू ओली व्हायची थांबते तिथे उभी होती. रडत नव्हती. आम्ही जवळ आलो, मी एक हात पुढे केला, बायकोने एक. एकमेकांच्या कमरेतले दुसरे हात आम्ही सोडले नव्हते. ती आली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आमच्या त्या सोडून न दिलेल्या हातांकडे. चेहऱ्यावर ती नेहमीची घाई, ती भीती, काही नव्हतं. कोडं सुटल्यावर मुलं गंभीर होतात तशी ती गंभीर झाली होती.

"बाबाजवळ आई आहे?" तिने विचारलं.

"हो ग राणी," मी म्हणालो. मी हात आणखी पुढे केला. "आहे ना. दोघं आहोत."

तिने मान हलवली. बादलीतलं उरलेलं पाणी वाळूवर ओतून दिलं.

"मग आता मी जाऊ?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे. उत्तर तिने द्यायचं की मी, ते आमच्यात कधी ठरलं नव्हतं. तोवर भिंगरी रस्त्याच्या दिशेने चालायला लागली होती.